घरात येणाऱ्या मालाची तपासणी

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लहान मुलांच्या वस्तूंबद्दल काही विचारायचं असलं की बायका थेट मलाच विचारायच्या. 'दादा, हे खडू बरे आहेत का?' 'दादा, या साबणाने डोळे चुरचुरत नाहीत म्हणे, खरं का?' मी तळोज्याला रंग तयार करणाऱ्या एका कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पनवेलहून तळोज्याला जाणारे पुष्कळ, पण तपासणं हेच काम असलेला आमच्या तीन विंगांत मी एकटाच. त्यामुळे मला मान होता, आणि खोटं कशाला बोलू, तो मला आवडायचा.

माझं उत्तर बहुतेक वेळा 'घेऊ नका' असंच असायचं.

संशय माझ्या स्वभावातच होता, नोकरीने त्याला फक्त बसायला खुर्ची दिली. खोक्यावर 'मुलांसाठी सुरक्षित' ही अक्षरं जितकी मोठी, तितका मी जास्त सावध. पाण्याच्या माठावर कुणी 'बिनविषारी' लिहितं का? मग खडूंच्या डबीवर ते का लिहावं लागतं? 'पालकांच्या पसंतीचे' असा गोल सोनेरी शिक्का दिसला की मी विचारायचो, कुठल्या पालकांच्या? मला तर कुणी विचारलं नव्हतं. दुकानदार कंटाळायचे. लाइन आळीतला एक खेळण्यांचा दुकानदार तर मला लांबून बघूनच पुठ्ठ्याची खोकी आवरायला घ्यायचा.

आमच्या कारखान्यात कच्चा माल आला की ट्रक गेटवर थांबतो. आम्ही नमुना घेतो, तपासतो, पास केला तरच गाडी आत. शिवाय प्रत्येक मालाचा चिमूटभर नमुना बाटलीत भरून, वर चिठ्ठी चिकटवून, कपाटात ठेवून देतो. पुढेमागे तक्रार आली तर तो काढून बघता येतो. त्याला आम्ही कंट्रोल सॅम्पल म्हणतो. मुलगी झाल्यावर मी हेच घरी सुरू केलं. तिच्यासाठी काहीही आलं की आधी माझ्या हातात. मी ते हुंगायचो, पांढरा रुमाल ओला करून त्यावर घासायचो, रंग सुटतो का बघायचो. पास झालं तर कात्रीने त्याचा एक बारीक तुकडा कापायचा, प्लास्टिकच्या पुडीत घालायचा, वर तारीख आणि दुकान लिहायचं. अशा पुड्यांनी चपलांची तीन खोकी भरली होती आणि ती माळ्यावर होती.

आमच्या घरातल्या प्रत्येक बाहुलीच्या परकराला मागून एक चौकोनी भोक आहे. अस्वलाच्या कानाचं टोक नाही. लाकडी ठोकळ्यांचा एकेक कोपरा तासलेला. पाच वर्षांची असताना मुलगी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली आणि तिथल्या नव्या बाहुलीला उलटीपालटी करून म्हणाली, "हिचं तपासायचं राहिलंय." बायकोने हा किस्सा सगळ्यांना सांगितला. सगळे हसले, मीही हसलो. मनातून मला अभिमानच वाटला होता.

पुस्तकांच्या बाबतीत माझा संशय दुहेरी होता. आधी अंग तपासायचं, म्हणजे शाईचा वास, कव्हरचा रंग, टाचणीला गंज. मग पोट तपासायचं, म्हणजे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मी आधी वाचायचं आणि मगच तिला द्यायचं. मुलांच्या पुस्तकांनी मला फार छळलंय. एका पुस्तकातली मगर एका दिवसात सुधारायची. एका पुस्तकातली आई कधीच चिडायची नाही, आणि असली आई दाखवून लिहिणाऱ्याला आमच्या घरात भांडण लावायचं होतं अशी माझी खात्री होती. ज्या पुस्तकाच्या शेवटी चौकटीत 'यावरून आपण काय शिकलो?' असं छापलेलं असतं, त्याच्या लेखकाचा आपल्याच गोष्टीवर भरवसा नाही असं मी धरून चालतो. असली पुस्तकं मी परत करायचो.

एक पुस्तक मात्र दोन्ही तपासण्यांतून पहिल्या झटक्यात पास झालं होतं. खाडीतल्या एका खेकड्याची गोष्ट. त्याची नांगी तुटते, त्याचं डोकं फिरतं, तो भेटेल त्याला वाट्टेल ते बोलतो आणि संध्याकाळी आपल्या बिळात जातो. बस्स. खेकडा कुणालाही काही शिकवत नाही. मुलीला ते पुस्तक तोंडपाठ होतं, तरी ते मीच वाचायला हवं असायचं, कारण खेकड्याचा चिरका आवाज मलाच काढता यायचा.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला कंपनीची बस मला नाक्यावर सोडायची. घरी येऊन हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं. मग ती पुस्तक घेऊन यायची आणि मांडीवर आडवी बसायची. पाठ माझ्या डाव्या दंडाला टेकलेली, उजवा गाल माझ्या छातीवर. पुस्तक मी धरायचं, पान तिने उलटायचं. दिवसभर बाटल्या हुंगून आणि लोकांच्या मालात खोट काढून मी घरी यायचो, आणि त्या अर्ध्या तासात मला जगात कशाचाही संशय येत नसे. माझ्या आयुष्यात त्याहून चांगलं काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

दिवाळीनंतर तिच्या गालावर लाल चट्टा उठला. ती तेव्हा दुसरीत होती. आधी वाटलं, डास चावला. मग तो पसरला. उजवा गाल, मानेची उजवी बाजू, उजवा दंड. खाज इतकी की ती वर्गात पट्टीने खाजवायची. कातडी कोरडी पडायची, मग तडकायची. मलमाने चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

पनवेलमधल्या कातडीच्या डॉक्टरबाईंनी भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, "काहीतरी अंगाला लागतंय हिच्या. रोज लागतंय. काय ते तुम्हालाच शोधावं लागेल." मग त्यांनी विचारलं, "बाबा काय करतात?"

"तळोज्याला आहेत, केमिकलमध्ये," बायको म्हणाली.

मी घाईघाईने दुरुस्ती केली. "लॅबमध्ये. प्लँटमध्ये नाही."

डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि तसंच लिहून घेतलं.

हा फरक बाहेरच्यांना कळणार नाही, म्हणून सांगतो. प्लँटमधली माणसं दिवसभर रंगाच्या भुकटीत काम करतात. पाळी सुटते तेव्हा त्यांचे कान, भुवया, नखं ज्या रंगाची बॅच असेल त्या रंगाची झालेली असतात. ती कंपनीतच साबण लावून आंघोळ करतात, घरचे कपडे घालतात आणि मगच बसमध्ये चढतात. आम्ही लॅबवाले काचेच्या खोलीत, एसीत, पांढऱ्या कोटात. पाळी सुटली की कोट काढून खुंटीला लावायचा आणि इस्त्रीच्या शर्टात निघायचं. न्हाणीघर आम्हालाही मोकळं होतं, पण लॅबमधलं कुणी तिकडे फिरकायचं नाही. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. आम्ही स्वच्छ माणसं आहोत, एवढंच त्यामागे होतं.

डॉक्टरबाईंनी 'शोधा' म्हटलं आणि मला कामच मिळालं. फ्रिजवर मी एक तक्ता चिकटवला. दर आठवड्याला घरातली एक गोष्ट बंद करायची आणि चट्ट्याचं काय होतं ते लिहायचं. पहिला गेला साबण. मग कपडे धुवायची पावडर. मग उशीचा अभ्रा, कारण चट्टा एकाच बाजूला होता आणि ती उजव्या कुशीवर झोपायची. मग पाण्याच्या बाटलीचा पट्टा. मग कानतुटकं अस्वल, मग सगळे खडू, मग ठोकळे. स्कूल बसच्या खिडकीच्या सीटवर माझा दोन आठवडे संशय होता. माळ्यावरची खोकी खाली काढून मी एकेक पुडी लॅबमध्ये नेली आणि जेवणाच्या सुट्टीत तपासली. एकीतही काही सापडलं नाही. मला वाटलं, कंपन्या मला फसवतायत.

चट्टा मात्र जागचा हलत नव्हता, आणि आता त्याची झळ शाळेतही लागायला लागली होती. बाकावर तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीने जागा बदलून मागितली. सोसायटीतल्या एका बाईंनी मला ग्रुपवर नाही, खासगीत मेसेज टाकला, 'दादा, विचारते म्हणून रागावू नका, पसरणारं नाही ना?' मी रागावलोच. पण त्याहून वाईट मुलीकडे बघून वाटायचं. ती आता प्रत्येक गोष्टीला हात लावायच्या आधी विचारायची, "हे मला चालेल?" पेरूची फोड दिली तरी विचारायची. तिच्या वाढदिवसाला मामाने रंगीत कागदात गुंडाळलेली भेट पुढे केली, तेव्हा तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. मामाने माझ्याकडे बघितलं. सात वर्षांच्या पोरीने भेटीला भ्यावं, हे माझ्याच घरात झालं होतं.

शेवटी पुस्तकांची पाळी आली. छपाईच्या शाईवर माझा पहिल्यापासून डोळा होता. मी स्टुलावर उभा राहिलो आणि कपाटातली सगळी पुस्तकं प्लास्टिकच्या दोन गोणींत भरून माळ्यावर टाकली.

"खेकडापण?" तिने खालून विचारलं.

"खेकडापण."

ती रडली नाही. संध्याकाळी मी खुर्चीत बसलो तेव्हा रिकाम्या हातांनी आली आणि मांडीवर बसली. तिची दया येऊन मी मनाने गोष्टी रचायला लागलो. ओंजळीत तिचा हात, छातीवर गाल, आणि गोष्ट संपली की ती म्हणायची, "अजून." अर्ध्या तासाचा तास व्हायला लागला. त्या तीन आठवड्यांत चट्टा गालावरून कानापर्यंत गेला आणि चिघळला. तक्त्यावर मी लिहिलं, 'पुस्तकं बंद, तरी वाढ.' आता माझी खात्रीच पटली की जे काही आहे ते फार लबाड आहे.

मेमध्ये शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही तिला नेऱ्याला, बायकोच्या माहेरी पाठवलं. बायकोचं ऑफिस, माझी कंपनी, त्यामुळे ती एकटीच आजीकडे. निघताना मी सासूबाईंना दोन पानांची यादी दिली. काय घालायचं, कशाला हात लावू द्यायचा नाही, कुठलं पाणी. त्यांना वाचता येत नाही हे मला माहीत होतं. मामीला वाचून दाखवायला सांगितलं.

आठ दिवसांनी सुट्टीच्या दिवशी मी स्कूटरवरून नेऱ्याला गेलो, तेव्हा मुलगी अंगणात चिरलेल्या प्लास्टिकच्या टबात बसून चिखलाची भाकरी थापत होती. हातात जत्रेतल्या लाल बांगड्या, ज्यांचा रंग घामाने मनगटावर उतरला होता. शेजारी मामेभावाचं एक पुस्तक, कव्हर नसलेलं, ओल येऊन फुगलेलं. मी श्वास रोखून तिचा चेहरा धरला आणि उजेडाकडे वळवला.

गाल साफ होता. मान साफ. दंडावर नुसती फिकट खूण.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पाच मिनिटांत मी पिशवीतून पुड्या काढल्या आणि कामाला लागलो. नेऱ्यात असं काय होतं, ज्याने ती बरी झाली? विहिरीचं पाणी बाटलीत भरलं. अंगाच्या साबणाची वडी कातरली. गोधडीचा दोरा घेतला. चुलीची राखही घेतली. सासूबाई ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या.

"काय गोला करता, जावयबापू?"

"इथे असं काहीतरी आहे, ज्याने हिला बरं वाटलं. ते शोधतोय."

त्यांनी सुपातली सुकट एकदा पाखडली. "राग नका मानू, पन एक सांगू? तुमी उलटा बगता. इतं काय हाय ता नका बगू. घरी हाय न् इतं नाय, ता बगा." मग अंगणावरून हात फिरवत म्हणाल्या, "इतं सगला हाय. धूल हाय, चिखल हाय, शेन हाय. एक तुमी तेवडं नाय."

मी पुड्या पिशवीत भरल्या. जेवलोही. पण स्कूटर सुरू करताना माझ्या डोक्यात जे शब्द आले ते इथे लिहायची मला लाज वाटते. ज्या बाईला माझी यादी वाचता येत नव्हती, तिने मला तपासायचं कसं ते शिकवावं, याचा मला संताप आला होता. पनवेल येईपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो, आणि त्या भांडणात मला एकही मुद्दा सापडत नव्हता. घरी होतं आणि नेऱ्यात नव्हतं, असं जे जे मला आठवत होतं ते सगळं मी आधीच बंद करून बसलो होतो. माझ्या तक्त्यावर मी सोडून सगळं होतं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी नेहमीसारखा काट्यावर पूड तोलत होतो. ही पिवळी पूड दिवाळीच्या सुमाराला नवीन आली होती. चमच्यातून पडताना तिचा बारीक धूर उठतो, हे मला रोज दिसायचं. कोटाचं वरचं बटण मी गळ्याशी आवळतं म्हणून उघडं ठेवायचो. पाळी संपली, कोट खुंटीला लावला आणि खिशातला पांढरा रुमाल नळाखाली ओला केला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी तो माझ्याच शर्टाच्या छातीवरून घासला.

रुमालावर हळद सांडल्यासारखा डाग पडला.

मी तिथल्या स्टुलावर खाली बसलो. बारा वर्षं मी गेटवर ट्रक अडवले. घरी आलेलं प्रत्येक खोकं दारात अडवलं, पुस्तकाचं पानन्‌पान हुंगलं, आणि रोज संध्याकाळी हा शर्ट घालून मीच आत जात होतो. तिची पुस्तकं काढून घेतली आणि तिला छातीशी आणखी घट्ट धरलं. तिच्या गालावर ते मी स्वतःच्या हाताने लावत होतो. त्या क्षणी मला स्वतःची किळस आली.

घरी गेल्यावर दारातच शर्ट काढला आणि बायकोला सगळं सांगितलं. तिने शर्ट चिमटीत धरून उजेडात बघितला. मग म्हणाली, "दिवाळीपासून तुझे शर्ट भिजवले की पाणी पिवळं येतं. मला वाटलं, घाम."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला काय सांगायचं?" ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तू धुण्याची पावडर बदलायला लावली असतीस."

खरं होतं. पावडर मी बदललीच होती.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मी टॉवेल आणि घरचे कपडे घेऊन प्लँटच्या न्हाणीघरात गेलो. आत दहा-पंधरा माणसं नळाखाली होती. मला बघून बोलणं थांबलं. उरणकडचा एक जुना ऑपरेटर डोक्याला साबण चोळत होता. तो म्हणाला, "साहेब, तुमी इकडं?"

मी म्हटलं, "हो, आजपासून."

त्याने सरकून मला नळ दिला, आपली साबणाची वडीही पुढे केली. "आमी तं पयल्यापासून न्हाऊन जातो," तो म्हणाला. "घरी पोरं हायत ना."

तो हे सहज बोलला, टोमणा मारायचा म्हणून नाही. मी डोक्यावर पाणी घेतलं आणि बराच वेळ घेत राहिलो, म्हणजे तोंड कुणाला दिसू नये.

जूनमध्ये मुलगी परत आली. साफ गालाची, उन्हाने काळवंडलेली, बांगड्यांसकट. आता मी आंघोळ करून, कपडे बदलून घरी यायचो, जुने शर्ट टाकून दिले होते, खुर्चीची गादीही बदलली होती. तरीही माझा माझ्यावर विश्वास बसेना. केसांत राहिलं असेल तर? नखांत असेल तर? दोन आठवडे वाट बघायची आणि मगच, असं मी ठरवलं. पहिल्या संध्याकाळी मी माळ्यावरून पुस्तकं उतरवली. तिने खेकडा उचलला आणि धावत खुर्चीपाशी आली. मी दोन्ही हात पुढे करून तिला अडवलं.

"मांडीवर नको. थोडे दिवस नको."

ती थांबली. पुस्तक छातीशी धरून तिने विचारलं, "मी काय केलं?"

मी खाली फरशीवर बसलो, तिच्यापासून हातभर लांब, आणि तिला सांगितलं. तू काही केलं नाहीस. तुझ्या साबणाने, खडूंनी, पुस्तकांनी काही केलं नव्हतं. बाबाच्या शर्टावर कंपनीतलं औषध होतं, ते तुला लागत होतं. बाबाला कळलं नाही. बाबाचं चुकलं.

तिने विचार केला. "म्हणजे तुझं तपासायचं राहिलं होतं?"

"हो," मी म्हटलं.

ते चौदा दिवस मी खुर्चीत आणि ती समोर चटईवर. मी लांबून वाचायचो, पण तिला चित्रं दिसायची नाहीत. मध्येच मी पुस्तक तिच्याकडे वळवून धरायचो, मग मला अक्षरं दिसायची नाहीत. दोन-तीन दिवस आम्ही अशी ओढाताण केली. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "दे, मीच बघते." तिने पुस्तक चटईवर ठेवलं, पोटावर पालथी झाली आणि एकेक शब्दावर बोट ठेवत मोठ्याने वाचायला लागली. अडली की मी खुर्चीतून शब्द सांगायचो. दहाव्या दिवसापर्यंत ती फारशी अडत नव्हती. बोटही गेलं होतं. खेकड्याचा चिरका आवाज तिने स्वतःच काढून बघितला, आणि माझ्यापेक्षा बरा काढला.

त्या दिवसांतच ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, 'दादा, पहिलीतल्या मुलासाठी चांगलं पुस्तक सुचवा ना.' मी 'मला सांगता येणार नाही' असं लिहिलं. त्यांना वाटलं असेल, दादाला माज आला.

चौदा दिवस झाले. गालावर काही उठलं नाही, मानेवर काही नाही. डॉक्टरबाईंनी भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, "छान. सापडलं वाटतं." बायकोने त्यांना खरं ते सांगितलं, मी खाली बघत राहिलो. पंधराव्या दिवशी मी कंपनीत आंघोळ केली आणि घरी येऊन पुन्हा केली. नवा, एकदाही कंपनीत न गेलेला सुती सदरा घातला. नखं कापली. खुर्चीत बसलो आणि मांडीवर थाप मारली.

"ये गं. आता चालेल."

ती चटईवर पालथी पडली होती. समोर नेऱ्याहून आणलेलं मामेभावाचं ते फुगलेलं, कव्हर नसलेलं पुस्तक. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि हसली. राग नव्हता, भीतीही नव्हती.

"आता मी मनातल्या मनात वाचते," ती म्हणाली.

"अगं, मग मांडीवर बसून वाच."

"तू हलतोस." मग तिला माझी दया आली असावी. तिने चटईचं टोक सरकवलं. "इथे बस. पण बोलू नकोस हां."

मी खाली जाऊन बसलो. ती बरी झाली होती, कशालाही हात लावत होती, आणि तिला वाचता येत होतं. बापाला आणखी काय हवं असतं? तरी मला रडू येत होतं, ते मी आवरलं. आमचा अर्धा तास मीच घालवला होता, आणि तो आता पुन्हा मिळायचा नव्हता. तिचे ओठ हलत नव्हते, नुसते डोळे ओळींवरून फिरत होते. मध्येच एका पानावर ती खुदकन हसली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि पान उलटलं.